भावाच्या नादारीच्या अर्जासाठी वकील शोधताना

माझ्या धाकट्या भावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. शेड, गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे अशी कामं. एका मोठ्या बांधकामाचं काम घेतलं, माल उधारीवर उचलला, काम पूर्ण करून दिलं आणि बिल्डरने बिलं थकवली. तिथून सगळं घसरत गेलं. बँकेचं कॅश क्रेडिट, पतसंस्थेचं कर्ज, मोबाइलच्या ॲपवरून घेतलेली कर्जं, लोखंडवाल्यांची उधारी, नात्यातले हातउसने. यातल्या बँकेच्या कर्जाला मी जामीनदार आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण वकील निवडताना या गोष्टीवर बरंच काही अवलंबून होतं.

लोखंडाच्या एका व्यापाऱ्याने दावा लावून हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा निर्णय, मिळवला आणि वसुलीसाठी दरखास्त दाखल केली. मग ‘तुम्हाला दिवाणी तुरुंगात का ठेवू नये’ अशी कारणे दाखवा नोटीस आली. बेलिफाने ती हातात दिल्यापासून भाऊ कोणाचाच फोन घेईना. जेवायला बसला तरी दाराकडे लक्ष. नादारीचा अर्ज, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत उरलेली नाही असं कोर्टाने जाहीर करावं यासाठीचा अर्ज, करायचं ठरलं आणि त्यासाठी वकील शोधायचं काम माझ्याकडे आलं ते असं.

सुरुवातीला आम्ही ओळखीतून विचारत गेलो. नात्यातल्या एकाने मुंबईतल्या वकिलांचं नाव दिलं, ‘दिवाळखोरीतले तज्ज्ञ’ म्हणून. त्यांनी फोनवर नीट ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांचं काम कंपन्यांचं, एनसीएलटीमधलं, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणातलं. सगळीकडे ज्याची चर्चा असते तो २०१६चा दिवाळखोरी कायदा, म्हणजे आयबीसी, भावासारख्या एकट्या मालकाच्या धंद्याला अजून लागूच झालेला नाही. त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून सुरू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांसाठी आजही जुनेच कायदे चालतात. मुंबई शहरात १९०९चा, तो हायकोर्टात. आणि आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. त्याचा अर्ज आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा पातळीच्या कोर्टात करायचा. ‘तुम्हाला तुमच्याच कोर्टातला दिवाणी वकील बघावा लागेल, मी दर तारखेला येऊ शकणार नाही आणि माझा तो कायदाही नाही,’ असं ते म्हणाले. त्या एका फोनने आमचा पुढचा बराच वेळ वाचवला. फी विचारली तर ‘कशाची फी?’ म्हणाले.

याच काळात भावाच्या मोबाइलवर ‘कर्जमुक्ती’ करून देणाऱ्या एका कंपनीचे मेसेज येऊ लागले. हप्ते भरणं बंद करा, आम्हाला दरमहा फी द्या, आम्ही सगळी कर्जं मिटवून देतो. बोलणारी मुलगी गोड बोलत होती. मी तिला विचारलं, कोर्टात उभं कोण राहणार, वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक काय? त्यावर ‘आमची लीगल टीम आहे’ एवढंच उत्तर परत परत मिळालं. एक साधी गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून पक्षकार गोळा करता येत नाहीत. त्यामुळे स्वतःहून पाठी लागून कर्ज मिटवून देतो म्हणणारा बहुधा वकील नसतोच, आणि असला तर नियम मोडून आलेला असतो.

मग गावातले एक नावाजलेले वकील. ऑफिस भरलेलं, बाहेर बाकावर माणसं. त्यांनी नोटीस चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मालमत्ता काय आहे?’ राहतं घर वडिलांच्या नावावर आहे, भावाच्या नावावर एक छोटा प्लॉट आहे, असं सांगितलं. ते लगेच म्हणाले, ‘आधी तो प्लॉट बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. सहा महिने थांबू. मग अर्ज करू.’ खरं सांगायचं तर त्या क्षणी भावाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडी तरतरी आली. वहिनीसुद्धा मान हलवत होती. घरातलं काहीतरी वाचतंय असं वाटलं की माणूस दुसरं काही ऐकत नाही. पुढे म्हणाले, ‘फीचं बघू, जेवढं कर्ज वाचेल त्यावर टक्केवारी ठरवू.’ ही टक्केवारीही वकिलांच्या नियमांत बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला त्यांना मनाई आहे. मला तेव्हा एवढंच जाणवलं की या माणसाने भावाचं एकूण कर्ज किती हे एकदाही विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि दोघांना घेऊन बाहेर पडले.

घरी येऊन १९२०च्या कायद्याचं मराठी पुस्तक मिळतंय का ते पाहिलं. इंग्रजी मजकूर सरकारी संकेतस्थळावर मिळाला. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, कायद्याचा गंध नाही, पण कलमं लहान आहेत आणि सावकाश वाचली तर समजतात. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता दिलेली मालमत्ता कोर्ट रद्दबातल धरू शकतं, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे देणं आहे त्यांना, फसवायला मालमत्ता लपवली किंवा दुसऱ्याच्या नावावर केली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ते कलम मी भावाला मोठ्याने वाचून दाखवलं.

यानंतर शोधायची पद्धतच बदलली. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपला जिल्हा आणि कोर्ट निवडून कायद्याच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या नावाने बहुतेक जण शोधतात, कायद्याच्या नावाची सोय फारशी कोणी वापरत नाही. तिथे मी आमच्या कोर्टातली नादारीची प्रकरणं काढली. मोजकीच होती, पण प्रत्येकाखाली अर्जदाराच्या आणि धनकोंच्या वकिलांची नावं होती. प्रत्येक तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं याची छोटी नोंद दिसते. कुठे ‘अर्जदार व वकील गैरहजर’, कुठे ‘मुदतीचा अर्ज मंजूर’, आणि एका प्रकरणात तर गैरहजेरीमुळे अर्जच काढून टाकलेला. उलट काही प्रकरणांत यादी दाखल, नोटिसा बजावल्याचा अहवाल दाखल, अर्जदाराची तपासणी, असा कामाचा माग दिसत होता. चार माणसांच्या शिफारशीतून जे कळलं नसतं ते त्या रोजनाम्यातून कळलं. दोन नावं मी कागदावर उतरवली.

त्यातले पहिले वकील वयस्क, जुन्या वळणाचे. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, ‘तुमच्या भावावर कोणाकोणाचं कर्ज आहे त्यांची नावं आधी सांगा. बाकी काही सांगू नका.’ बँकेचं आणि पतसंस्थेचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी हात वर केला. त्या पतसंस्थेच्या वकिलांच्या पॅनलवर ते होते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१खाली थकबाकीदारांविरुद्ध वसुली दाखला मिळवायची तिची कामं तेच बघत. ‘मला हे घेता येणार नाही, आणि आता पुढचं काही माझ्यासमोर बोलूही नका,’ म्हणाले. जिल्ह्याच्या ठिकाणी ही अडचण सगळ्यांनाच येणार. दिवाणी बाजूचे चांगले वकील कुठल्या ना कुठल्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पॅनलवर असतात, आणि ज्याला नादारीचा अर्ज करायचा आहे त्याच्या धनकोंच्या यादीत नेमक्या त्याच संस्था असतात. म्हणून पहिल्या भेटीत आपली कहाणी सांगण्याआधी धनकोंची नावं सांगावीत. त्या वकीलसाहेबांनी ते स्वतःहून केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दुसरं नाव एका वकील मॅडमचं होतं. ऑफिस म्हणजे कोर्टासमोरच्या इमारतीत एक खोली. धनकोंची नावं ऐकून त्यांनी आपल्या कामांची वही तपासली, कोणाशी संबंध नाही म्हणाल्या आणि एक फुलस्केप कागद आडवा धरून त्यावर पट्टीने उभ्या रेघा मारल्या. धनकोचं नाव, पत्ता, रक्कम, कधी घेतलं, तारण काय, जामीनदार कोण, चेक दिलेत का, हुकूमनामा झालाय का. प्रत्येक कर्जाला एक ओळ. भाऊ बोलत होता आणि त्या लिहीत होत्या. अंदाजे सांगितलेला आकडा आला की त्यापुढे पेन्सिलने फुली. ‘या फुल्या सगळ्या गेल्या पाहिजेत. अर्जात प्रत्येक धनको, त्याचा पत्ता आणि रक्कम द्यावी लागते. एक जरी सुटला तरी समोरचा वकील तेच धरून बसेल.’ भावाने आपलं सगळं कर्ज एका कागदावर पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. मला भीती होती की तो खचेल. पण शेवटची ओळ झाल्यावर तो म्हणाला, ‘ताई, एवढंच आहे. मला वाटलं होतं मोजताच येणार नाही.’

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन वर्षांत कोणाच्या नावावर काही केलंय का? नाही. गेल्या तीन महिन्यांत बाकीच्यांना सोडून एखाद्यालाच पैसे परत केलेत का? भाऊ गप्प झाला. वर्कशॉपचा जनरेटर विकून आलेले पैसे त्याने मामांना दिले होते. मामांच्या मुलीचं लग्न होतं, त्यांचे हातउसने देणं त्याला सगळ्यांत आधी महत्त्वाचं वाटलं. मॅडमनी समजावलं की दिवाळं निघालेल्या माणसाने एका धनकोला झुकतं माप द्यायच्या हेतूने असे पैसे दिले असतील तर तीन महिन्यांच्या आतला तो व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं, रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, ते पैसे परत मागू शकतो. ‘हे अर्जात लिहायचं. लपवलं तर बाकीचं सगळं खरं असूनही संशयात जाईल.’ मामांना हे सांगायला मीच गेले. या सगळ्या काळातलं सर्वांत अवघड काम तेच होतं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामी म्हणाल्या, ‘त्याला सांग, जे खरं आहे ते लिही.’

मी मॅडमची निवड केली ती मात्र यानंतरच्या बोलण्यावरून. ‘या अर्जाने काय होणार नाही ते आधी ऐका,’ असं म्हणून त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. बँकेकडे यंत्रांचं तारण आहे, ते तारण विकून वसुली करायचा बँकेचा हक्क तसाच राहणार. लोखंडवाल्यांपैकी एकाला दिलेला चेक वटला नव्हता, त्याचा कलम १३८चा फौजदारी खटला नादारीने थांबणार नाही, तो वेगळा लढावा लागेल. सरकारी देणी आणि फसवणुकीने झालेलं कर्ज शेवटी मुक्ततेचा, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटकेचा, आदेश मिळाला तरी सुटत नाही. प्लॉट जाणार. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं, कारागिराची हत्यारं यांना कायद्यात जप्तीतून सूट आहे, पण वेल्डिंगचं मोठं मशीन त्यात बसेल की नाही याची हमी त्यांनी दिली नाही. आणि अर्ज एकदा दाखल झाला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

तुरुंगाचं काय, हे भावाने दबक्या आवाजात विचारलं. पैसे असूनही जाणूनबुजून न देणारा आणि खरोखर ऐपत नसलेला यांत कोर्टाला फरक करावा लागतो, नुसती ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे दरखास्तीत लेखी उत्तर द्यायचं आणि तारखेला हजर राहायचं. घरात बसून राहणं हेच सगळ्यांत धोक्याचं. भाऊ त्या रात्री नीट झोपला असं वहिनीने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आणि मग मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘तुम्ही जामीनदार आहात. भाऊ मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही. बँक उद्या थेट तुमच्याकडे येऊ शकते, त्याच्याकडून आधी वसूल करा असं तुम्हाला म्हणता येणार नाही. तुमचं आणि त्याचं हित काही ठिकाणी वेगळं आहे. म्हणून तुमच्यासाठी दुसरा वकील बघा.’ घरातला कोणीच हे बोलला नव्हता. सगळ्यांच्या दृष्टीने मी धावपळ करणारी बहीण होते. माझी बाजूही वेगळी असू शकते हे एका परक्या बाईने ओळखलं, आणि तेही हातचं एक काम दुसऱ्याकडे पाठवून. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, ही माहितीही त्यांनीच दिली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्याच आवारात होतं. तिथून मला एक तरुण वकील मिळाले आणि त्यांनी माझ्या नावाने बँकेशी एकरकमी तडजोडीचा पत्रव्यवहार सुरू केला. पुरुष अर्जदारालाही उत्पन्न मर्यादेत असेल तर ही मदत मिळते, महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. कर्जात बुडालेल्या माणसाने खाजगी वकिलाची फी कुठून आणायची या चिंतेत बसण्याआधी तिथे एकदा जाऊन यावं.

फीचं बोलणं सरळ झालं. अर्ज तयार करून दाखल करेपर्यंत एक रक्कम, सुनावणी आणि उलटतपासणीची एक, मुक्ततेच्या अर्जाची वेगळी. नोटिसा, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि नकलांचा खर्च निराळा. प्रत्येक वेळी पावती. वकीलपत्रावर सही करण्याआधी मी ते पूर्ण वाचलं. छापील मजकुरात तडजोड करण्याचा आणि प्रकरण काढून घेण्याचा अधिकारही वकिलाला दिलेला होता. तडजोड आम्हाला विचारल्याशिवाय होऊ नये असं मी म्हटलं, तर मॅडमनी काही वाईट न वाटून घेता त्या ओळीत तशी भर घातली. अस्सल कागद त्यांनी ठेवून घेतलेच नाहीत. झेरॉक्स ठेवल्या, अस्सल दाखवण्यापुरते कोर्टात आणा म्हणाल्या. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा २०००चा निर्णय आहे, तरी कागद आपल्याकडे असलेले बरे.

पुढचे काही आठवडे हिशेबाच्या वह्यांत गेले. तीन वर्षांच्या वह्या, जीएसटीची विवरणं, बँकेचे उतारे, बिल्डरला दिलेली बिलं, त्याला पाठवलेले मेसेज. मॅडमचा सगळा भर यावर होता. मालमत्ता बिनतारणी कर्जाच्या रुपयामागे पन्नास पैशांइतकीही नसेल तर कोर्ट बिनशर्त मुक्तता नाकारतं, मात्र ही वेळ आपल्या दोषाने आली नाही हे पटवलं तर मार्ग खुला राहतो. वह्या ठेवल्या नसतील, सट्टा किंवा उधळपट्टी केली असेल तर ते विरोधात जातं. बिल्डरची थकलेली बिलं म्हणजे भावाचा सगळ्यांत मोठा पुरावा होता. वहिनीने ती बिलं तारखेप्रमाणे लावली, एकही गहाळ नव्हतं.

दरम्यान ॲपवाल्यांच्या वसुली एजंटांचे फोन चालूच होते, रात्री-अपरात्री, नातेवाइकांनासुद्धा. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीचे फोन करू नयेत असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावलंय. मॅडमनी त्याचा हवाला देऊन एक पत्र पाठवलं. फोन पूर्ण थांबले नाहीत, रात्रीचे थांबले.

अर्ज दाखल झाला, धनकोंना नोटिसा गेल्या. उलटतपासणीत लोखंडवाल्याच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न मामांना दिलेल्या पैशांचा विचारला. भावाने शांतपणे सांगितलं, ‘हो साहेब, दिले. अर्जात लिहिलंय.’ त्यांनी अर्ज चाळला आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. त्या प्रश्नाभोवती त्यांनी आणखी बरंच काही रचून आणलं असावं असं मला मागच्या बाकावरून वाटलं.

कोर्टाने भावाला नादार ठरवलं, अटकेपासून संरक्षणाचा आदेशही झाला. प्लॉट रिसीव्हरच्या ताब्यात गेला. मामांच्या पैशांबाबत रिसीव्हरने पत्र पाठवलंय आणि मामा ते हप्त्याने जमा करायला तयार आहेत. भाऊ आता दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पगारावर वेल्डिंग करतो. चेकचा खटला चालू आहे. बँकेने माझ्या तडजोडीच्या पत्राला अजून होकार दिलेला नाही.

मुक्ततेचा अर्ज करायला कोर्टाने मुदत घालून दिली आहे. त्या मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे होतात. मॅडमनी ती तारीख आपल्या डायरीत लिहिली, भावाला त्याच्या मोबाइलमध्ये टाकायला लावली आणि मला म्हणाल्या, ‘तुम्हीही लिहून ठेवा. मुदतीच्या महिनाभर आधी मला फोन करा, माझ्या फोनची वाट बघू नका.’